आलिशान सेडान: पाडव्याला घ्यावी की युरोपच्या कराराची वाट बघावी?

कृष्णाकाठ (सांगली), १२ फेब्रुवारी २०२६

मंडळी, राम राम. या संकेतस्थळावर बरीच वर्षं नुसता वाचत आलोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. सांभाळून घ्या.

कुपवाड एमआयडीसीत माझं छोटं मशीन शॉप आहे, प्रोप्रायटरी, म्हणजे एकट्याच्या मालकीचं. दारात बारा वर्षं जुनी डिझेल सेडान आहे. तिने भरपूर साथ दिली, पण आता दर महिन्याला काहीतरी निघतं आणि मेकॅनिकच्या पोराच्या बारशाचंही आमंत्रण येऊन गेलं. पुण्याला वरचेवर जाणं, अधूनमधून मुंबई, कधी बेळगाव. ड्रायव्हर आहे, पण खंबाटकी आला की स्टिअरिंग मी घेतो. मागे आई आणि सौ., नाहीतर गिऱ्हाईक.

डोक्यात दोनच गाड्या आहेत: मर्सिडीज सी क्लास, नाहीतर बीएमडब्ल्यू ३ सिरीजची लांब आवृत्ती. ऑन रोड ७५ च्या वर जायचं नाही. घरात ठरलं होतं की १९ मार्चला पाडवा, त्या दिवशी गाडी दारात. तेवढ्यात २७ जानेवारीला युरोपियन युनियनबरोबरच्या व्यापार कराराची बातमी आली. गाड्यांवरची ११० टक्के ड्युटी १० टक्क्यांवर येणार म्हणे. पुण्याचे मेहुणे फोनवर म्हणाले, "दाजी, आत्ता घेतलीत तर वर्षाने कपाळाला हात लावाल. निम्म्या किमतीत मिळणार आहे." सौ. म्हणतात, तुमच्या थांबण्यात तीन पाडवे गेले. शोरूमचा पोरगा एक दिवसाआड फोन करून "सर, किमती वाढणार आहेत" सांगतोय.

खरं कोणाचं मानायचं? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

गंपू_दि_ग्रेट

निम्म्या किमतीत मिळणार असेल तर माझ्याही नावाने दोन सांगून ठेवा. एक लाल, एक काळी. तोवर पॉपकॉर्न घेऊन बसतो.

चौथा_गिअर (पिंपरी)

मेहुण्यांनी बातमीचा मथळा वाचलाय, बातमी नाही. जरा सविस्तर लिहितो, कारण गेले पंधरा दिवस ऑफिसात, सोसायटीत, लग्नात सगळीकडे हाच प्रश्न येतोय.

११० टक्के ड्युटी लागते ती पूर्ण तयार होऊन जहाजातून उतरणाऱ्या गाडीवर. सी क्लास तशी येत नाही. ती आमच्या इथे चाकणला जोडली जाते. ३ सिरीज चेन्नईला. सुटे भाग खोक्यांतून येतात, इथे जोडणी होते, आणि त्या सुट्या भागांवर ड्युटी १५ टक्क्यांच्या आसपास असते. म्हणजे तुमच्या दोन्ही गाड्यांवर ११० टक्के आज लागतच नाहीत, तर कमी कुठून होणार?

करारात सुट्या भागांवरची ड्युटी शून्यावर नेण्याचं कलम आहे, पण ते पाच ते दहा वर्षांत. आता कागद-पेन्सिल घ्या. समजा एका गाडीच्या किटची किंमत ३० लाख (आकडा मी हिशेबापुरता धरलाय). १५ टक्के म्हणजे साडेचार लाख. त्यावर ४० टक्के जीएसटी धरला तर सव्वासहा लाखांच्या आसपास. हे सगळं कंपनीने तुमच्या पदरात टाकलं असं मानलं, जे ती करेल याची खात्री नाही, तरी पाच वर्षांत वाटलं तर वर्षाला सव्वा लाख, दहा वर्षांत वाटलं तर साठ-पासष्ट हजार. आणि दर जानेवारीत या कंपन्या किंमत वाढवतात. साठ लाखांच्या गाडीवर दोन टक्के म्हणजे एक लाख वीस हजार. झालं, फिटंफाट.

शिवाय करार अजून लागू कुठे झालाय? वाटाघाटी पूर्ण झाल्याची घोषणा झाली. मसुद्याची कायदेशीर छाननी, युरोपियन संसदेची मंजुरी, आपल्याकडचे सोपस्कार, हे सगळं बाकी आहे. कमी ड्युटीला वर्षाला अडीच लाख गाड्यांचा कोटाही आहे आणि कपात टप्प्याटप्प्याने आहे.

फायदा होईल तो पूर्ण आयात होणाऱ्या गाड्यांना. ऑक्टोबरमध्ये स्कोडाची ऑक्टाव्हिया आरएस आली होती, पन्नास लाखांना, तीही मोजून १०० गाड्या. अशा गाडीवर जीव जडला असेल तर जरूर थांबा. सी क्लाससाठी थांबण्यात मला काही अर्थ दिसत नाही.

गंपू_दि_ग्रेट

माझ्या दोन रद्द करा.

मीनलताई_ठाणे

चौथा_गिअर, छान समजावलंत. वाखू (वाचनखूण) साठवली. कृष्णाकाठ यांना एकच विचारायचंय, जीएसटी कमी झाला तेव्हा का नाही घेतली? २२ सप्टेंबरला तर सगळं जग शोरूममध्ये होतं.

कृष्णाकाठ

ताई, तेव्हा ऑर्डरी थंड होत्या. पैसे गिऱ्हाइकांकडे अडकलेले. तेव्हा घेतली असती तर बुलेटवरून बँकेत जायची वेळ आली असती.

चौथा_गिअर

मीनलताईंच्या मुद्द्यात एक पोटमुद्दा आहे, तो सांगून टाकतो. ती कपात सगळ्या गाड्यांना सारखी नव्हती. आधी २८ टक्के जीएसटी आणि वर सेस (उपकर). दीड लिटरच्या आतल्या सेडानला सेस १७, वरच्यांना २०. आता या मोठ्या गाड्यांना सरसकट ४०, सेस नाही. सी क्लासमधल्या सी २०० चं इंजिन दीड लिटरच्या आत बसतं, तिचा कर ४५ वरून ४० वर आला. दोन लिटरवाल्यांचा ४८ वरून ४०. हायब्रिड ४३ वरून ४०. म्हणजे सप्टेंबरात जास्त फायदा मोठ्या इंजिनवाल्यांचा झाला. तो फायदा आजही किमतीत आहेच, कुठे पळून गेला नाही. तेव्हाची गर्दी होती ती वेगळ्याच कारणाने: २१ ला सर्वपित्री, २२ ला घटस्थापना आणि त्याच दिवशी नवा दर. सरकारने पंचांग बघून तारीख काढली की काय कोण जाणे.

अवांतर: पितृपक्षात शोरूममध्ये जो भाव मिळतो तो दसऱ्याला मिळत नाही. ज्यांना चालतं त्यांनी लक्षात ठेवावं.

कट्ट्यावरचा_काका

कशाला हव्यात या जमिनीला घासणाऱ्या गाड्या? पेठ नाक्यापासून सांगलीपर्यंतचा रस्ता बघितलाय का कधी? सातारा-कागल सहापदरीकरणाचं काम संपता संपत नाही. एका खड्ड्यात टायर जातो, जोडीला रिम. इनोव्हा हायक्रॉस घ्या, डोळे मिटून दहा वर्षं चालवा. ५० लाखांच्या आत काम. उरलेल्या पैशांत नवीन मशीन येईल.

गंपू_दि_ग्रेट

आला रे आला, इनोव्हा आला. एवढा उशीर का झाला काका आज?

कट्ट्यावरचा_काका

हसा लेको. रात्री दोन वाजता कराडच्या पुढे पंक्चर झाल्यावर मला फोन करू नका.

भीमाशंकर_भटक्या

काकांच्या बोलण्यातला टायरचा मुद्दा हसण्यावारी नेऊ नका. माझ्याकडे एक जर्मन सेडान होती, नाव घेत नाही. रन-फ्लॅट टायर, त्यामुळे डिकीत स्टेपनी नाही. साताऱ्याच्या अलीकडे साइडवॉलच (टायरची बाजू) फाटली. रन-फ्लॅट हवा गेली तर काही अंतर चालतो, साइडवॉल फाटली तर त्याचाही उपयोग नाही. त्या मापाचा टायर साताऱ्यात मिळाला नाही, पुण्याहून यायला दुसरा दिवस उजाडला. बुक करण्याआधी डिकी उघडून खालचा पुठ्ठा उचलून बघा: स्टेपनी आहे का, असेल तर पूर्ण मापाची की बारीक, आणि ती ठेवल्यावर बॅगांना जागा किती उरते. आणि टायरचा वेगळा विमा मिळतो, आपल्या रस्त्यांवर तो घ्याच.

बाकी गाडी चालवायला स्वर्ग होती, हेही कबूल. काका, खंबाटकीच्या वळणांवर जे सेडानमध्ये कळतं ते इनोव्हात कळत नाही.

शाईची_दौत (सीए, नाशिक)

धागाकर्ते, तुम्ही प्रोप्रायटर आहात हे महत्त्वाचं आहे. इथे कोणी तरी लवकरच सांगणार की "कंपनीच्या नावावर घ्या, कर वाचतो", म्हणून आधीच लिहिते.

महाराष्ट्रात २० लाखांच्या वरच्या गाडीला व्यक्तीच्या नावावर रोड टॅक्स पेट्रोलला १३ टक्के, डिझेलला १५. कंपनीच्या नावावर २० टक्के. साठ लाखांची गाडी धरली तर ७ लाख ८० हजार, ९ लाख आणि १२ लाख. तुमची कंपनी नाहीच, गाडी तुमच्याच नावावर येणार, म्हणजे हा भुर्दंड तुम्हाला नाही. आणि धंद्याला वापरता म्हणून घसारा (गाडीची किंमत उतरते म्हणून उत्पन्नातून मिळणारी वजावट) मात्र मिळतो: वर्षाला १५ टक्के, उरलेल्या किमतीवर. घरगुती वापराचा वाटा त्यातून वजा करावा लागतो, तो प्रामाणिकपणे करा. जीएसटीचं इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) मोटारीला मिळत नाही, त्या आशेवर राहू नका.

आता तारखेचा मुद्दा. गाडी वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरली तर पहिल्या वर्षी घसारा निम्मा. पाडवा १९ मार्चला आहे, म्हणजे वापर जेमतेम दोन आठवडे, तरी साडेसात टक्के मिळतात. ७० लाखांवर सव्वापाच लाख. एप्रिलमध्ये घेतलीत तर यंदा शून्य. ३० टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर दीड लाखाहून जास्त कर यंदाच वाचतो. जे नेहमी विचारतात "मार्च की एप्रिल", त्यांना माझं उत्तर धंदेवाइकाला मार्च, नोकरदाराला काही फरक नाही. पण गाडी ३१ मार्चच्या आत रस्त्यावर आली पाहिजे, नुसतं बुकिंग चालत नाही.

आणि बिलावर एक टक्का टीसीएस (शोरूमने तुमच्या नावाने आगाऊ घेतलेला आयकर) लागेल, तो खर्च नव्हे. रिटर्न भरताना वळता होतो. शोरूमवाले तो एकूण रकमेत मिसळून सांगतात आणि लोक विसरून जातात.

गंपू_दि_ग्रेट

पाँडिचेरी पासिंग करून आणली तर? आमच्या गल्लीत एक आहे.

शाईची_दौत

बारा महिन्यांहून जास्त इथे ठेवली तर इथला नंबर आणि इथला कर लागतो. तुमच्या गल्लीतल्या गाडीचा पत्ता आरटीओला मी कळवायचा की तुम्ही?

गंपू_दि_ग्रेट

😶

नेकारकाठचा_मुलुख (श्टुटगार्ट)

इथे राहून पंधरा वर्षं झाली, म्हणून दोन शब्द. भारतात मित्रांना वाटतं की इथे प्रत्येक जण नवी मर्सिडीज घेतो. इथे विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्यांपैकी साधारण दोन-तृतीयांश कंपन्यांच्या नावावर जातात. घरगुती माणूस बहुतेक वेळा जुनी घेतो. इथे तर तशा एका प्रकारच्या गाडीला खास नाव आहे, 'यारेसवागेन'. कारखान्यातले कामगार सवलतीत नवी गाडी घेतात, वर्षभर वापरतात आणि विकतात. शेजारच्या झिंडेलफिंगेनला ई क्लास बनते, तिथल्या माणसाने वर्षभर जपलेली गाडी मिळणं म्हणजे इथे भाग्य समजतात. पहिल्या वर्षाची मोठी घसरण दुसऱ्याने सोसलेली असते.

थांबण्याबद्दल दुसरा मुद्दा. करार सोडा, नवं मॉडेल येतंय म्हणून थांबायचं का? आत्ताची सी क्लास जगासमोर आली फेब्रुवारी २०२१ ला, भारतात मे २०२२ ला. नवी ५ सिरीज इथे मे २०२३, तुमच्याकडे जुलै २०२४. ई क्लास इथे एप्रिल २०२३, तुमच्याकडे लांब आवृत्ती ऑक्टोबर २०२४. सव्वा ते दीड वर्षाचं अंतर पडतंच, कारण उजव्या बाजूचं स्टिअरिंग, लांब व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) आणि तुमच्याकडच्या जोडणीची तयारी. ३ सिरीजची आत्ताची पिढी २०१८ ची, म्हणजे वय झालेलं आहे, हे खरं. बीएमडब्ल्यूने सप्टेंबरात म्युनिकला 'नॉय क्लासे' या नव्या पिढीची पहिली गाडी दाखवली, पुढची ३ सिरीज त्याच वळणावर जाणार. पण ती सांगलीत दिसेपर्यंत धागाकर्त्यांची जुनी गाडी राहील का, हा प्रश्न आहे.

मीनलताई_ठाणे

आणि नव्या मॉडेलमध्ये सगळी बटणं काढून पडद्यात घालतात. एसी कमी करायला दोन मेनू. मला तरी जुनंच बरं वाटतं.

अर्ध्यात_मजा (कोल्हापूर)

नेकारकाठ यांनी माझंच म्हणणं सांगितलं. तीन वर्षांची ई क्लास घ्या की हो! तुमच्या बजेटात आरामात बसते, मागे पाय पसरून झोपता येतं. फक्त एप्रिल २०२३ नंतर बनलेली बघा, म्हणजे ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलची काळजी नको. विमा क्लेमचा इतिहास, दोन्ही किल्ल्या, सर्व्हिसची नोंद कंपनीच्या सिस्टिममधून काढून घ्या. वॉरंटी संपण्याआधी वाढवून मिळते, संपल्यावर अडचण होते, म्हणून महिना नीट बघा.

कृष्णाकाठ

अर्ध्यात_मजा, विचार केला होता. पण दुसऱ्याने वापरलेली गाडी आईला पटत नाही. "कोणाचं काय घेऊन आली असेल" असं तिचं म्हणणं. तिथे आपलं काही चालत नाही.

वेरूळकर (छत्रपती संभाजीनगर)

आमच्या गावाची आठवण काढल्याशिवाय हा धागा पुरा कसा होईल? २०१० च्या ऑक्टोबरात एकाच दिवशी १५० मर्सिडीज घेतल्या होत्या लोकांनी. उद्योजक, डॉक्टर, बिल्डर सगळे एकत्र आले, एकगठ्ठा घासाघीस केली, बँकेकडून व्याजही कमी करून घेतलं. तुमच्या कुपवाड एमआयडीसीत दोघं-तिघं घेणारे असतील तर एकत्र जा. एकट्याला ॲक्सेसरीजचं किट फुकट देतात, तिघांना रोख सूट देतात. स्वानुभव नाही, गावानुभव आहे.

कट्ट्यावरचा_काका

त्यातल्या किती जणांना हप्ते जड गेले तेही सांगा.

वेरूळकर

काका, ते इनोव्हावाल्यांनाही जातात.

शाईची_दौत

हप्त्यांचं निघालंच आहे तर. रिझर्व्ह बँकेचा रेपो दर गेल्या वर्षी सव्वा टक्क्याने उतरून ५.२५ वर आलाय, त्यामुळे कर्ज महाग नाही. तरी ५० लाख, ९ टक्के, पाच वर्षं धरली तर हप्ता १ लाख ४ हजारांच्या घरात आणि एकूण व्याज सव्वाबारा लाख. धंद्याच्या वापरापुरतं ते खर्चात टाकता येतं, पण खिशातून तर जातंच. मशीनचं कर्ज चालू असेल तर बँक दोन्ही एकत्र बघते. पुढच्या वर्षी नवं मशीन घ्यायचं असेल तर आधी बँकेशी बोला, मग शोरूमशी.

कृष्णाकाठ, २२ फेब्रुवारी

सगळ्यांचे आभार. काल कोल्हापूर-पुणे करून दोन्ही गाड्या चालवून आलो, सौ. आणि आई बरोबर.

सी क्लास चालवायला मऊ. आतला पडदा, दिवे बघून सौ. खूश. ३ सिरीज हातात जास्त जिवंत वाटते. मागची जागाही तिच्यातच स्पष्ट जास्त. व्हीलबेस २९६१ विरुद्ध २८६५ मिमी, दहा सेंटिमीटरचा फरक, तो गुडघ्याला कळतो. भीमाशंकर, तुम्ही सांगितल्यासारखा पुठ्ठा उचलून बघितला. विक्रेता जरा गांगरला.

पण खरी परीक्षा आईने घेतली. तिचं वय ७४, दोन्ही गुडघे कुरकुरतात. दोन्ही गाड्यांत बसली, उतरली. उतरताना दाराचा कठडा धरून जरा थांबली आणि म्हणाली, "गाडी चांगली आहे रे, पण विहिरीत उतरल्यासारखं वाटतंय." सौ. माझ्याकडे बघत होत्या. आता सेडान घ्यायची की नाही इथपासून सुरुवात.

कट्ट्यावरचा_काका

मी काही बोलत नाही.

मीनलताई_ठाणे

काका, बोललात!

कृष्णाकाठ, आमच्या सासूबाईंचंही हेच होतं. आधी पाठ वळवून सीटवर बसायचं, मग दोन्ही पाय एकदम आत घ्यायचे. खाली घट्ट फोमची पातळ गादी, दीड-दोन इंचांची. फिरणारी गोल गादीसुद्धा मिळते. दुसरं म्हणजे मागे न बसवता पुढच्या सीटवर बसवा, पुढची सीट बटणाने वर घेता येते. सासूबाई आता पुढेच बसतात आणि ड्रायव्हरला रस्ता सांगतात.

पण आई आठवड्यातून दोनदा प्रवास करणार असेल तर हे सगळे उपाय थिटे. तसं असेल तर उंच गाडीच बघा.

कृष्णाकाठ

आई वर्षातून ज्योतिबा, नरसोबाची वाडी आणि पुण्याला बहिणीकडे. सौ.ची छोटी एसयूव्ही आहेच, वाडीला ती त्यातूनच जाते. पुढच्या सीटचं ध्यानात आलं नव्हतं, उद्याच परत नेऊन बसवतो.

भीमाशंकर_भटक्या

आणि एक करा. टेस्ट ड्राइव्हची गाडी घरापर्यंत मागा. चार माणसं बसवून तुमच्या गल्लीतला सगळ्यात माजलेला गतिरोधक ओलांडा. लांब व्हीलबेसच्या गाडीचं पोट मध्येच घासतं, आणि ते हायवेवर कळत नाही. तिरकी घ्यावी लागते. तुमच्या ड्रायव्हरलाच चालवायला द्या, कारण रोज तोच चालवणार.

पुराचं_पाणी (विमा एजंट, सांगली)

गाववाले आहात म्हणून सांगतो, २०१९ आणि २०२१ विसरू नका. पुराने गाडी खराब झाली तर सर्वंकष पॉलिसीत भरपाई मिळते. पण पाणी शिरलेल्या इंजिनाला कोणी स्टार्ट मारला आणि कनेक्टिंग रॉड वाकला, तर साध्या पॉलिसीत ते बसत नाही. इंजिन प्रोटेक्शन वेगळं घ्यावं लागतं. या गाड्यांचं इंजिन म्हणजे एका छोट्या गाडीची किंमत. ड्रायव्हरला आत्ताच सांगून ठेवा, पाण्यात बंद पडली तर किल्लीला हात लावायचा नाही.

दुसरं 'रिटर्न टू इनव्हॉइस'. पॉलिसीतली गाडीची किंमत वयाप्रमाणे उतरते: एक ते दोन वर्षं २० टक्के, दोन ते तीन ३०, चार ते पाच ५० टक्के वजा. गाडी पूर्ण गेली तर तेवढीच मिळते. हे कवच घेतलं तर बिलाची रक्कम मिळते. ते किती वर्षांपर्यंत मिळतं हे कंपनीगणिक वेगळं असतं, लेखी विचारा. आणि शोरूमचाच विमा घ्यायची सक्ती नसते. मला घ्या असं म्हणत नाही, पण दोन कोटेशनं घेऊन जा, तिथल्या तिथे आकडा खाली येतो.

कृष्णाकाठ, २ मार्च

आई पुढच्या सीटवर पास झाली. "आता दिसतंय बाहेरचं" म्हणाली. आमच्या कोपऱ्यावरच्या गतिरोधकावर गाडी चार माणसांनिशी सरळ घेतली तर हलकी घासली, तिरकी घेतली तर नाही. ड्रायव्हर दोन फेऱ्यांत शिकला.

आता नवा पेच. ३ सिरीजच घ्यायचं ठरलं, पण पेट्रोलमध्ये दोन आहेत. एक यंदा बनलेली, सूट जवळजवळ नाही. दुसरी गेल्या वर्षी बनलेली, यार्डात उभी, नोंदणी झालेली नाही. तिच्यावर साडेतीन लाख कमी करतायत. एक डेमो गाडीही दाखवली, ती आणखी स्वस्त.

चौथा_गिअर

डेमो शोरूमच्या नावावर नोंदलेली असते, म्हणजे तुम्ही दुसरे मालक. आणि तिला शेकडो जणांनी पहिल्या गिअरपासून पिळलेलं असतं. सोडा.

गेल्या वर्षीची की यंदाची, हे तुम्ही गाडी किती वर्षं ठेवणार यावर आहे. तीन वर्षांत विकणार असाल तर यंदाची घ्या, कारण विकताना गिऱ्हाईक बनावटीचं साल बघतं आणि साडेतीनातले बरेचसे तिथे परत जातात. तुम्ही मागची गाडी बारा वर्षं वापरलीत. दहाव्या वर्षी २०२५ ची की २०२६ ची याने कोणाला काय फरक पडतो? साडेतीन लाख खिशात घाला.

पण यार्डातली गाडी उजेडात बघा. बिल करायच्या आधी. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन साल. चारही टायर बघा, एखादा वेगळा निघाला तर का ते विचारा. बॅटरी किती महिने बसून होती ते विचारा, लेखी हमी घ्या. वायपरचं रबर, छतावरचं रबर, पत्र्यावर पक्ष्यांच्या विष्ठेचे डाग. वॉरंटी बिलाच्या तारखेपासून सुरू होते हे कागदावर बघा. विक्री प्रमाणपत्रावर बनावटीचा महिना आणि साल छापलेलं असतं, ते शोरूमच्या बोलण्याशी जुळलं पाहिजे.

अर्ध्यात_मजा

साडेतीनचे साडेचार होतात. महिनाअखेरीला, त्यांचं टार्गेट बाकी असताना जा. मार्च आहे, तिमाही, वार्षिक सगळंच एकत्र.

शाईची_दौत

महिनाअखेर म्हणजे ३१ च्या आत पासिंग व्हायला हवं, हे विसरू नका. शेवटच्या आठवड्यात आरटीओचं पोर्टल रडतं. त्या लाखापायी घसाऱ्याने वाचणारा दीड लाखाचा कर घालवू नका.

कृष्णाकाठ, ११ मार्च

चार लाख दहा हजारांवर मिटलं. गेल्या वर्षीची, काळी नाही, करडी. टायर चारही ३३२५ चे निघाले. बॅटरी नवी टाकून द्यायचं आणि स्टेपनीचं त्यांनी लिहून दिलं. विमा बाहेरून घेतला, पुराचं_पाणी यांना रात्री व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. कर्ज ३५ चंच केलं, कारण बँकेच्या साहेबांनी शाईची_दौत यांच्यासारखंच विचारलं, "मशीन कधी घेताय?"

मेहुण्यांना किटचा हिशेब पाठवला. त्यांचं उत्तर आलं, "मग मी पोर्शसाठी थांबतो."

पासिंग सोमवारी आहे.

चौथा_गिअर

पोर्शसाठी थांबायला हरकत नाही, ती खरंच पूर्ण बनून येते. पोर्शचे पैसे आहेत का ते विचारा फक्त.

मीनलताई_ठाणे

अभिनंदन! फोटो टाका. नंबर कोणता घेतलात?

कृष्णाकाठ

ताई, चॉइस नंबरला आईने नाही म्हटलं. येईल तो.

सोलापुरी_चादर

माझं बजेट ५० आहे, कॅमरी हायब्रिड घ्यावी की...

गंपू_दि_ग्रेट

नवीन धागा काढा भाऊ. काका, तुम्ही तयार राहा.